सूर्याची नाडी, हॉस्टेलच्या गच्चीवरून

जर्नल पूर्ण करायची एक पद्धत प्रत्येक इंजिनिअरिंग हॉस्टेलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आधी सिनिअरच्या फाईलमध्ये उत्तर बघायचं, मग त्या उत्तराला शोभतील अशी रीडिंग्ज उलट्या बाजूने तयार करायची, आणि शेवटी 'सोर्सेस ऑफ एरर'खाली पॅरॅलॅक्स लिहून सही घ्यायची. सरांना हे माहीत असतं आणि आपल्यालाही माहीत असतं. दोष कोणाचाच नाही म्हणा, कारण उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं! पण चार वर्षांत एकदा तरी असं प्रॅक्टिकल करायला मिळावं, ज्याचं उत्तर कोणाच्याही फाईलमध्ये नाही. मित्रांनो, आज अशाच एका प्रॅक्टिकलची ओळख करून देणार आहे. सामान साधं आहे, खर्च मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी आहे, आणि मोजायचा आहे प्रत्यक्ष सूर्य. तोही ढगाआडून!

यंत्राचं नाव व्हीएलएफ रिसीव्हर. व्हीएलएफ म्हणजे व्हेरी लो फ्रीक्वेन्सी, ३ ते ३० किलोहर्ट्झ. एफएम रेडिओ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि मोबाईल गिगाहर्ट्झमध्ये. त्यांच्यापुढे ही वारंवारता अगदी कासवाच्या चालीची वाटते. १८ किलोहर्ट्झच्या एका तरंगाची लांबी साडेसोळा किलोमीटरच्या आसपास भरते.

सूर्य आणि रेडिओचा काय संबंध?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे आयनोस्फियरला मराठीत आयनांबर म्हणतात हे हा लेख लिहिताना कळलं. शब्द मस्त आहे, अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रसुद्धा. पृथ्वीभोवती विद्युतभारित कणांचं हे वस्त्र आहे. त्याचा सगळ्यात खालचा थर म्हणजे डी थर, जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर. तो सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि सूर्य मावळला की जवळजवळ विरून जातो.

व्हीएलएफ लहरी जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून, एखाद्या बोगद्यातून जाव्यात तशा, हजारो किलोमीटर जातात. फोर्थ इयरवाल्यांना वेव्हगाईड म्हटलं की लगेच कळेल. या वेव्हगाईडचं छत दिवसा खाली येतं आणि रात्री वर जातं. सूर्यावर सौरज्वाला, म्हणजे सोलर फ्लेअर, उसळली की तिचे क्ष-किरण ८ मिनिटांच्या थोड्या पुढे-मागे पृथ्वीवर पोचतात. ते डी थरात आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि छत काही किलोमीटर खाली सरकतं. छत हललं की दूरच्या केंद्राच्या सिग्नलची ताकद बदलते. याला सडन आयनोस्फेरिक डिस्टर्बन्स, थोडक्यात सिड, म्हणतात.

म्हणजे बघा, आपण सूर्याचा सिग्नल पकडतच नाही. दुसऱ्याच कोणाचा तरी ठरलेला, न बदलणारा सिग्नल घेतो आणि तो वाटेत किती डळमळला ते मोजतो. वैद्य मनगटावर बोट ठेवून हृदयाबद्दल सांगतात, तसंच हे.

ठरलेला सिग्नल कुठून आणायचा?

तो आपल्या नौदलाने आधीच हवेत सोडलेला आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. १९९० मध्ये ते सुरू झालं. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात साध्या रेडिओलहरी शिरत नाहीत, व्हीएलएफ मात्र काही मीटर आत जाते, म्हणून पाणबुड्यांशी बोलायला ती वापरतात. आयनांबराचा अभ्यास करणारे हे केंद्र व्हीटीएक्स नावाने ओळखतात आणि त्यांच्या शोधनिबंधांत त्याची वारंवारता बहुतेक १८.२ किलोहर्ट्झ असते. संदेश सांकेतिक असतो. आपल्याला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, आपण फक्त त्याची ताकद मोजायची.

दुसरं उपयोगी केंद्र ऑस्ट्रेलियात नॉर्थ वेस्ट केप इथे आहे, १९.८ किलोहर्ट्झवर. पुण्याहून व्हीटीएक्स सुमारे १२०० किलोमीटर, तर ऑस्ट्रेलियाचं केंद्र ६००० किलोमीटरहून जास्त दूर. एक जवळचं आणि एक लांबचं, असे दोन साक्षीदार मिळाले की आपलं काम बरंच सोपं होतं. का, ते पुढे येईल.

लूप : लाकडाची फुली आणि अर्धा किलो तांबं

एवढ्या लांब तरंगासाठी पाव तरंगलांबीचा अँटेना करायचा तर चार किलोमीटर उंच खांब लागेल. रेक्टर सर परवानगी देणार नाहीत! म्हणून आपण लहरीतलं चुंबकीय क्षेत्र पकडणारं वेटोळं, म्हणजे लूप, करायचं. सव्वाचार-साडेचार फुटी पट्ट्यांपैकी दोन घेऊन त्यांची फुली करा. साडेचार-पावणेपाच फूट लांबीच्या पट्ट्या मिळाल्या तर उत्तम, कारण चार टोकांवरून तार गुंडाळल्यावर साधारण १ मीटर बाजूचा चौकोन व्हायला हवा. त्यावर एनॅमलची तांब्याची तार, २४ गेजची, ५० वेढे गुंडाळा. एकूण तार २०० मीटर, वजन अर्ध्या किलोच्या आत. ही तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. फ्रेमला लोखंडी खिळे न ठोकता लाकडी खुंट्या किंवा प्लॅस्टिकचे तुकडे लावा.

आता यातून व्होल्टेज किती मिळेल? सूत्र सोपं आहे. २π गुणिले वेढे, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले विद्युत क्षेत्र, भागिले तरंगलांबी. समजा क्षेत्र मीटरला १ मिलिव्होल्ट आहे. ५० वेढे, १ चौरस मीटर, तरंगलांबी १६,५०० मीटर. उत्तर येतं साधारण १९ मायक्रोव्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं सर्किट त्याच्यावरून ठरतं.

लूपला दिशा असते. लूपचं प्रतल केंद्राच्या दिशेने, म्हणजे कडेने केंद्राकडे बघणारं ठेवलं की सिग्नल जास्तीत जास्त. सपाट तोंड केंद्राकडे केलं की जवळजवळ शून्य. पुण्याहून व्हीटीएक्स दक्षिणेपासून सुमारे २० अंश पूर्वेला आहे. लूप हळूहळू फिरवा आणि स्क्रीनवरची रेघ कमी-जास्त होते का बघा. ती खरंच व्हीटीएक्सची आहे की शेजारच्या ट्यूबलाईटची, याची ही पहिली परीक्षा.

लूपला समांतर कपॅसिटर लावून तो १८.२ किलोहर्ट्झला ट्यून करता येतो. अशा लूपचं इंडक्टन्स ७-८ मिलिहेन्री येतं आणि त्यासाठी १० नॅनोफॅरडच्या आसपास कपॅसिटर लागतो. लॅबच्या एलसीआर मीटरवर स्वतः मोजा आणि स्वतः काढा. पण सुरुवातीला ट्यून न करणंच बरं असं माझं मत. ट्यून केलेलं सर्किट उन्हाने तापलं की रेझोनन्स सरकतो, आणि मग आपण सूर्याची ज्वाला मोजतोय की सूर्याचं ऊन, हे कळत नाही. शिवाय दुसरी केंद्रं दिसेनाशी होतात.

ॲम्प्लिफायर : हजारपट, पण दोन हप्त्यांत

१९ मायक्रोव्होल्टचे निदान १०-२० मिलिव्होल्ट करायचे, म्हणजे हजारपट गेन हवा. थर्ड सेमला शिकलेला ७४१ इथे एका स्टेजमध्ये का चालत नाही? त्याचा गेन-बँडविड्थ गुणाकार साधारण १ मेगाहर्ट्झ. १८.२ किलोहर्ट्झला त्याच्याकडून जास्तीत जास्त ५५ च्या आसपास गेन मिळेल. हजार हवा असेल तर १८ मेगाहर्ट्झ लागतील! वायवाला हा प्रश्न हमखास येतो. उत्तर पाठ न करता असं कळलं तर जन्मभर विसरणार नाही.

म्हणून एनई५५३२ घ्या. एका आयसीत दोन ऑप-अँप, आवाज कमी, किंमत किरकोळ. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत सहज मिळतो. दोन नॉन-इन्व्हर्टिंग स्टेज करा, प्रत्येकीला १ किलोओहम आणि ३३ किलोओहमची जोडी. एका स्टेजचा गेन ३४, दोन्हींचा मिळून ११५६.

दोन स्टेजच्या मध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि ३.३ किलोओहमचा रेझिस्टर घालून हाय-पास फिल्टर करा. त्याची कटऑफ ४.८ किलोहर्ट्झ येते, आणि ५० हर्ट्झचा गुणगुणाट जवळजवळ शंभरपट कमी होतो. हा फिल्टर मध्येच का? गुणगुणाट न छाटता दुसऱ्या स्टेजला दिला, तर त्यानेच ती स्टेज भरून जाईल आणि आपला नाजूक सिग्नल चिरडला जाईल. लूपच्या टोकांवर दोन १एन४१४८ डायोड एकमेकांना उलटे जोडा, म्हणजे मोठा झटका आला तर आयसी वाचेल. पुरवठा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांनी, प्लस आणि मायनस. चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्या दोनेक दिवस जातात. बॅटरी एलिमिनेटर मुळीच नको, त्यातून नको असलेला सगळा कचरा आत येतो.

साउंड कार्ड हाच रिसीव्हर

खरी गंमत इथे आहे. १८ किलोहर्ट्झ ही वारंवारता ध्वनीच्या हद्दीतली आहे. म्हणून लॅपटॉपच्या साउंड कार्डाला ती थेट देता येते, मिक्सर नको की लोकल ऑसिलेटर नको. ४८ किलोहर्ट्झने सॅम्पलिंग केलं तर नायक्विस्टच्या नियमाने २४ किलोहर्ट्झपर्यंत दिसतं. ९६ किलोहर्ट्झचं कार्ड मिळालं तर आणखी चांगलं. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपना लाईन-इन नसतं, त्यांना यूएसबी साउंड कार्ड लावा. माईकच्या पिनवर थोडं डीसी व्होल्टेज असतं, म्हणून मध्ये कपॅसिटर हवाच.

ॲम्प्लिफायर लूपपाशीच ठेवा, आणि तिथून शील्डेड केबल खोलीत आणा. स्पेक्ट्रम लॅब हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वर्णपट दाखवतं. कॉम्प्युटरवाल्या मित्राला चहा पाजून पायथनमध्येही लिहून घेता येईल. काम एवढंच : एफएफटी घ्यायचा, केंद्राभोवतीचा सुमारे २०० हर्ट्झचा पट्टा घ्यायचा, त्यातली ताकद काढायची आणि दर ५ सेकंदांनी वेळेसकट एक आकडा फाईलमध्ये लिहायचा. दिवसाला १७,२८० आकडे होतात. एवढी रीडिंग्ज हाताने बनवायची कोणाची टाप आहे!

शत्रू : आपलंच हॉस्टेल

यंत्र सुरू केल्यावर पहिल्यांदा सूर्य दिसत नाही, दिसतं ते आपलं हॉस्टेल. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, लॅपटॉपचा ॲडाप्टर, लिफ्टची मोटर. सगळ्यांची रेघ वेगळी. आणखी एक खोडसाळ योगायोग आहे. १८,२०० ला ५० ने भागा. बरोबर ३६४! १९,८०० ला भागा, ३९६. म्हणजे वीजपुरवठ्याचे हार्मोनिक्स बरोबर आपल्या केंद्रांवर येऊन बसतात. सुटकेचा मार्गही यातच आहे. ग्रिडची वारंवारता अगदी ५० वर थांबत नाही, थोडी इकडेतिकडे होते. ती ४९.९५ झाली तर ३६४ वा हार्मोनिक १८ हर्ट्झने खाली सरकतो. नौदलाची रेघ मात्र जागच्या जागी राहते. सरकणारी रेघ महावितरणची, स्थिर रेघ विजयनारायणमची!

हा त्रास नवीन नाही. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार हे दिसलं, तेव्हा नवी वेधशाळा अलिबागला उभारली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवून घेता यावेत. शहर गप्प बसत नाही म्हणून शास्त्रज्ञांनी अख्खी वेधशाळा हलवली. आपल्याला फक्त लूप गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, लिफ्टच्या खोलीपासून लांब, हलवायचा आहे.

आकडा खरा की खोटा?

माझ्या मते सगळ्या प्रॅक्टिकलचा जीव इथे आहे. ग्राफवर उंचवटा दिसला की 'फ्लेअर!' असं ओरडावंसं वाटतं. पण पहिला आठवडा काहीच शोधू नका. नुसतं सुरू ठेवा आणि शांत दिवस कसा दिसतो ते शिका. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला सिग्नलमध्ये ठळक चढउतार येतात, दिवसा रेघ बरीचशी गुळगुळीत असते, रात्री थरथरते. हा नमुना लागोपाठ तीन दिवस त्याच वेळांना आला, तर यंत्र खरंच आयनांबर बघतंय असं समजा. तो येत नसेल तर तुम्ही लिफ्ट मोजताय.

त्यानंतर प्रत्येक उंचवट्याला चार प्रश्न विचारा.

पहिला, आकार कसा आहे? फ्लेअर काही मिनिटांत चढते आणि अर्धा तास ते दोन-तीन तास हळूहळू ओसरते. भिंतीसारखा सरळ कडा असेल तर केंद्रच बंद किंवा चालू झालं आहे. फ्लेअरने सिग्नल वाढतो तसा कमीही होऊ शकतो, ते अंतरावर आणि लहरींच्या बेरीज-वजाबाकीवर अवलंबून असतं. म्हणून खड्डा दिसला तरी तो टाकून देऊ नका.

दुसरा, दुसऱ्या साक्षीदाराचं काय? व्हीटीएक्स हललं आणि त्याच वेळी ऑस्ट्रेलियाच्या मार्गावरही दिवस असताना ते केंद्र जराही हललं नाही, तर शंका घ्या.

तिसरा, जिथे कोणतंच केंद्र नाही अशा जवळच्या वारंवारतेवर काय दिसतं? ही रिकामी जागासुद्धा रोज रेकॉर्ड करा. तीही त्याच वेळी उसळली असेल तर तो सूर्य नाही, कोणीतरी गीझर लावलाय.

चौथा आणि शेवटचा, अमेरिकेच्या गोज उपग्रहांचा क्ष-किरणांचा आलेख काय म्हणतो? नोआ ही संस्था तो सगळ्यांसाठी खुला ठेवते. पण तो बघण्याआधी आपला अंदाज वेळेसकट वहीत लिहा. आधी उत्तर बघितलं की डोळ्यांना हवं तेच दिसतं, आणि आपण पुन्हा सिनिअरच्या फाईलवर येतो! गोजची वेळ जागतिक असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. आपल्या ग्राफचं शिखर क्ष-किरणांच्या शिखरानंतर काही मिनिटांनी येतं. आयनांबर जरा आळशी आहे.

उदाहरण म्हणून मे २०२४ चे दोन दिवस घेऊ. १० मे रोजी एक्स ३.९ वर्गाची ज्वाला झाली, शिखर भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी. आपल्या डोक्यावर सूर्य, व्हीटीएक्सचा पूर्ण मार्ग उन्हात. अशी ज्वाला घरगुती रिसीव्हरलासुद्धा चुकत नाही. चारच दिवसांनी, १४ मे रोजी, एक्स ८.७ ची ज्वाला झाली, म्हणजे दुपटीहून मोठी. पण शिखर रात्री १० वाजून २१ मिनिटांनी! आपल्याकडे डी थरच नाही, तर हलणार काय? त्या रात्री कोणी 'मला दिसली' म्हणून ग्राफ दाखवला, तर त्याची वही तपासावी लागेल. मोठ्या ज्वालेच्या दिवशी सपाट रेघ येणं हेसुद्धा बरोबर उत्तर असू शकतं.

अर्थात रात्रीलाही अपवाद आहे. २७ ऑगस्ट १९९८ रोजी आपल्या आकाशगंगेतल्या, हजारो प्रकाशवर्षे दूरच्या एका न्यूट्रॉन ताऱ्यावर स्फोट झाला, आणि त्याच्या किरणांनी पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूचं आयनांबर हललेलं व्हीएलएफ नोंदींमध्ये सापडलं. म्हणून रात्रीचा डेटा पुसू नका.

जुन्या वह्यांची किंमत

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक तेजस्वी ज्वाला दिसली आणि त्यानंतर पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झालं. त्या वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक डोळ्यांनी वाचून हाताने आकडे लिहीत होते. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. हा आकडा त्यांना विचित्रच वाटला असणार, पण त्यांनी तो 'शोभेसा' केला नाही. २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, शास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून त्या वादळाची ताकद नव्याने ठरवली. आज उपग्रह आणि पॉवर ग्रिड यांना सौरवादळाचा किती धोका आहे याचा विचार करताना १८५९ चं वादळ मापदंड म्हणून वापरतात. जर एका निरीक्षकाने मागच्या पानावरचं रीडिंग उतरवून काढलं असतं तर?

आपली वही १४४ वर्षं कोणी जपणार नाही, मान्य. पण हौशी लोकांच्या सिड नोंदी जमा करणाऱ्या संस्था आहेत. अमेरिकेतली 'आव्हसो' ही तारे-निरीक्षकांची संस्था त्यांपैकी एक. वेळही चांगली आहे. सूर्य त्याच्या ११ वर्षांच्या चक्राच्या शिखर-काळात पोचल्याचं नासा आणि नोआ यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. शिखरानंतरची काही वर्षंही मोठ्या ज्वाला येत राहतात, पण हळूहळू सूर्य शांत होत जातो. म्हणजे डिग्रीच्या काळातच हात धुऊन घ्यावेत, बॅकलॉगवाल्यांना थोडा जास्त वेळ मिळेल एवढंच!

सुरुवात करणाऱ्यांसाठी

दोघे-तिघे मिळून करा, एकट्याने ५० वेढे गुंडाळताना पीळ पडतो. गच्चीवर जाण्याआधी रेक्टर सरांची लेखी परवानगी घ्या. पावसाळ्यात ढग असले तरी हे यंत्र चालतं, दुर्बिणीवाल्यांना तेव्हा चार महिने सुट्टी असते. पण विजा चमकायला लागल्या की केबल लगेच काढा आणि लूपपासून लांब राहा; हा विनोदाचा भाग नाही. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून रोज जुळवा. आणि शेजारी एक साधी दोनशे पानी वही ठेवा. लूप कधी हलवला, बॅटरी कधी बदलली, लाईट कधी गेले, हे सगळं तीत लिहा. खोडायचं असेल तर एक रेघ मारा, पान फाडू नका.

या जर्नलवर सही करायला कोणी येणार नाही. त्यामुळे तीत खोटं लिहून काही फायदाही नाही. बाकी तारेचे वेढे मोजताना ५० ऐवजी ४९ झाले तरी चालतील, फक्त वहीत ४९ च लिहा.